दार कधी लावायचं: मराठीत बंद दाराची प्रेमकादंबरी लिहिणं आणि स्वतः छापणं

बंद दाराच्या प्रेमकादंबरीत शरीरसंबंध नसतात, असा एक समज आहे. तो चुकीचा. संबंध असतात, कथेत त्यांना वजनही असतं. फक्त दार लागतं तेव्हा वाचक बाहेरच्या बाजूला असतो. गोष्ट चुंबनापुढे जातच नाही, तो निराळा प्रकार. इंग्रजी बाजारात पहिल्याला ‘क्लोज्ड डोअर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘स्वीट’. आपण यातलं काय लिहितोय हे लिहायला बसण्याआधी एका ओळीत कागदावर उतरवून ठेवा. पुढे मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर, किंडलवरचे शोधशब्द, सगळं त्या ओळीवर बेततं.

दार लावलं म्हणून लिखाण सोपं होत नाही. शयनगृहातली दोन पानं लिहायची वाचतात खरी, पण त्या पानांनी केलं असतं ते काम (कोणाची भीती गेली, कोण कोणासमोर मोकळं झालं, कोणाला उगाच लाज वाटली) आता आधीच्या आणि नंतरच्या पानांवर पडतं. ते झालं नाही तर दोघांचं प्रेम आहे हे वाचकाला निव्वळ लेखकाच्या शब्दावर मानावं लागतं.

दाराआधी

साधा नियम: निर्णय पानावर, कृती दाराआड. दोघांनी ठरवलं हे वाचकाला दिसलंच पाहिजे, आणि तेही दोघांच्या तोंडून किंवा हातातून. ‘तिने विरोध केला नाही’ हा होकार नव्हे. ज्या प्रसंगाचा उरलेला भाग वाचकाला दिसणारच नाही, तिथे अशी संदिग्धता फार वाईट वास सोडते.

दार फार उशिरा लागलं, म्हणजे तीन परिच्छेद गुंड्याच सुटताहेत आणि मग एकदम ‘सकाळ झाली’, की तोंडाशी आलेला घास काढून घेतल्यासारखं वाटतं. फार लवकर लागलं, म्हणजे नायकाने हात धरला आणि प्रकरण संपलं, तर काय घडलं हेच कळत नाही आणि पुढच्या प्रकरणात दोघं अवघडलेली का, याचा पत्ता लागत नाही. योग्य जागा ओळखायची खूण अशी: त्या क्षणानंतर दोघांपैकी कोणीही ‘काही झालंच नाही’ असं म्हणू शकणार नाही. तिथे थांबा. पुढचं अर्धं वाक्यसुद्धा नको.

रूपकं टाळा. किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा, खिडकीबाहेरचा पाऊस, विझणारी समई, एकमेकांवर डुलणारी दोन फुलं: वाचक हसतो, आणि हसलेला वाचक परत गंभीर व्हायला दहा पानं घेतो. ‘आणि मग...’ ही तीन टिंबंही त्याच माळेतली. हस्तलिखित पूर्ण झालं की फाइलमध्ये तीन टिंबं शोधा. एका प्रकरणात दोनपेक्षा जास्त वेळा सापडली तर लेखक काहीतरी टाळतोय असं समजा.

मराठी लेखकाकडे दोन गोष्टी आयत्या आहेत. पहिली म्हणजे घर. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत सासू-सासरे हॉलमध्ये झोपतात, नणंदेची बारावी आहे, संडासाला जायची वाट बेडरूमवरून जाते. बंद दार ही तिथे चैन असते. कडीचा आवाज, पंख्याची घरघर, पहाटे साडेपाचची दूधवाल्याची बेल हे सगळं कथेत आणा. ताण निर्माण करायला खलनायकाची गरज उरत नाही.

दुसरी, ‘तुम्ही’ आणि ‘तू’. ठरवून झालेल्या लग्नाच्या कथेत ‘अहो’पासून ‘तू’पर्यंतचा प्रवास हाच अर्धा प्रणय आहे. कोण कोणाला कोणत्या प्रकरणात काय म्हणतं याचा एक तक्ता करून भिंतीवर लावा. चौथ्या प्रकरणात ‘तू’ आणि सहाव्यात विनाकारण ‘तुम्ही’ ही चूक संपादकाच्याही नजरेतून निसटते, वाचकाच्या नाही. मुद्दाम मागे जाणं मात्र हत्यार आहे: भांडणात ‘तू’ सोडून पुन्हा ‘तुम्ही’वर येणं ताट आपटण्यापेक्षा जास्त लागतं. नायक-नायिका पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करणारी असतील तर हे हत्यार नाही. मग हाक मारायचं नाव, जेवणाचा डबा, फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव असलं काहीतरी शोधा.

एक नमुना पाहा. लग्नाला पाच महिने झालेत, दोघं अजून एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात.

दादरहून लग्न आटोपून घरी यायला साडेअकरा वाजले. जुईच्या पदराला खांद्यामागे लावलेली पिन निघेना.
“अहो, जरा बघता का?”
मंदारने तिला दिव्याकडे पाठ करून उभं केलं. पिन वाकली होती. बोट नुसतं कापडालाच लागावं याची तो इतकी काळजी घेत होता की जुईला हसू आलं.
“मला टोचत नाहीये.”
“तुम्हाला नाही. पदर फाटेल.”
“फाटू दे.”
पिन निघाली. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना, म्हणून त्याने ती स्वतःच्या शर्टाच्या खिशाला अडकवली.
“मंदार,” ती म्हणाली. नावाने पहिल्यांदाच. “दार लावतोस?”

प्रकरण इथे संपतं. पुढचं असं सुरू होतं:

“ही पिन कोणाची गं?” सासूबाई धुवायचा शर्ट हातात घेऊन उभ्या होत्या. जुईने चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

होकार तिच्याकडून आला, तोही एका क्रियापदाच्या रूपातून. ‘लावता’चं ‘लावतोस’ झालं. शरीराचा उल्लेख खांद्यापुरता आहे. आणि पिन दारापलीकडे गेली नि सकाळी बाहेर आली. अशी एखादी वस्तू दोन्ही बाजूंना ठेवली की मधल्या रात्रीचं वर्णन लागत नाही. वस्तू क्षुल्लकच हवी. अंगठी, मंगळसूत्र, गजरा नको; त्या आधीच इतक्या अर्थांनी लदलेल्या आहेत की तुमचा अर्थ त्यांच्यावर बसणार नाही.

दारानंतर

नवख्या लेखकांची खरी पडझड इथे होते. दार उघडल्यावर दोघं आदल्या दिवशीसारखीच वागत असतील तर तो प्रसंग काढून टाका, कथेला त्याची गरज नव्हती. काहीतरी बदललेलं हवं: एखादं गुपित बाहेर आलंय, एकजण जास्त गुंतलाय आणि दुसऱ्याला त्याची धास्ती वाटतेय, किंवा बदलीचा अर्ज मागे घ्यायचा की नाही हा प्रश्न अचानक अवघड झालाय. सकाळच्या प्रसंगाला निदान दीड-दोन पानं द्या. संपूर्ण कादंबरीत एक ते तीन वेळा दार लागावं. प्रत्येक वेळी कारण वेगळं असावं. तिसऱ्या वेळी एका ओळीत आटोपलं तरी चालतं.

आराखडा

पहिल्या कादंबरीसाठी ४५ ते ५५ हजार शब्द पुरतात. सोयीचा हिशोब: ३० प्रकरणं, प्रत्येकी सुमारे १,७०० शब्द, म्हणजे ५१,०००. दोघांची गाठ दुसऱ्या प्रकरणाच्या आत पडावी. दार साधारण १८ ते २०व्या प्रकरणात लागावं, ताटातूट २४-२५ला, आणि शेवटची दोन प्रकरणं घाईत उरकू नयेत. लग्न आधी आणि प्रेम नंतर अशी रचना असेल तर दार लवकर येतं. तेव्हा दारानंतरचा प्रश्न दाराआधीच्या प्रश्नापेक्षा मोठा ठेवा.

दोघांना दूर ठेवणारं कारण एका फोनवर मिटणारं नसावं. ‘तिने त्याला दुसरीबरोबर हॉटेलात पाहिलं, ती त्याची बहीण निघाली’ यावर आता कोणी दीडशे पानं देत नाही. चांगलं कारण म्हणजे दोघांच्याही बाजूने रास्त असलेलं: तिला सांगलीतला दवाखाना सोडायचा नाही, त्याला पुण्यातल्या आईला एकटं ठेवायचं नाही.

शेवट सुखाचा. मराठी वाचकाला शोकांत प्रेमकथा आवडते हे खरं, पण ते दुसरं पुस्तक. या प्रकारात शेवटी एकजण गेला तर वाचक पुढचं पुस्तक घेत नाही.

हस्तलिखित ते फाइल

पहिला खर्डा झाला की तीन आठवडे हात लावू नका. मग पाच जणांना वाचायला द्या. त्यातले तिघे हा प्रकार आवडीने वाचणारे असावेत आणि घरचा एकही नसावा. ‘कशी वाटली?’ विचारू नका. ‘कुठे खाली ठेवली?’ एवढंच विचारा आणि पानाचा आकडा लिहून घ्या. तिघांनी एकाच ठिकाणी खाली ठेवली असेल तर दोष तिथे नसून बहुतेकदा त्याच्या आधीच्या प्रकरणात असतो.

निवेदनात ‘केले’ की ‘केलं’ हे पहिल्या पानावर ठरवा. दोन्ही चालतात, मिसळ चालत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९७२पासून चालत आलेले शुद्धलेखनाचे नियम मुद्रितशोधकाला माहीत असतात; तुम्ही त्याला वेगळी यादी द्यायची ती पात्रांची नावं, गावं आणि मुद्दाम ठेवलेली बोली यांची. ती दिली नाही तर तुमच्या मालवणी आजीला तो प्रमाण मराठी बोलायला लावेल.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर किंडलवर चालत नाही, आणि रूपांतर करताना ‘ऱ्य’, रफार आणि ‘ॲ’ हमखास बिघडतात. ‘पुऱ्या’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द शोधून पाहा. ते नीट दिसले तर बाकीचं बरंचसं ठीक असतं. फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का तेही बघा, नाहीतर पुस्तक हिंदी दिसतं. तिरो देवनागरी मराठी हा मजकुरासाठी फुकट मिळणारा चांगला पर्याय. शीर्षकासाठी मुक्ता किंवा बालू. मांडणी इनडिझाइनमध्ये होणार असेल तर मांडणीकाराला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावायला सांगा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जातात, जोडाक्षरं सुटतात आणि हे नेमकं छापून आल्यावर लक्षात येतं.

वेष्टन

मुखपृष्ठाचं काम एकच: आत काय आहे आणि काय नाही हे दोन सेकंदांत सांगणं. उघड्या छातीचा नायक लावलात तर दार उघडं ठेवणारी कादंबरी शोधणारा वाचक येतो, चिडतो आणि एक तारा देऊन जातो. परदेशी जोडप्याचं तयार छायाचित्रही नको. पात्रं सातारची असताना ते फसवणूक वाटतं. रेखाटलेलं मुखपृष्ठ, दोन माणसं, मधे थोडं अंतर, एखादी ओळखीची जागा. किंडलसाठी चित्र २,५६० पिक्सेल उंच आणि १,६०० रुंद हवं. तयार झाल्यावर ते मोबाइलवर नखाएवढं करून बघा. मात्रा आणि वेलांट्या पुसट झाल्या तर शीर्षक जाड करा, किंवा शीर्षकच बदला.

प्रकाराचं नाव ही मराठीतली अडचण आहे. ‘कौटुंबिक कादंबरी’ म्हटलं की वाचकाला तीन पिढ्या आणि वाड्याची वाटणी अपेक्षित असते. ‘स्वच्छ प्रेमकथा’ म्हटलं की बाकीच्या घाण, असा सूर लागतो. ‘संयत प्रेमकादंबरी’ त्यातल्या त्यात बरं. मलपृष्ठावर मजकुराखाली एक सरळ ओळ टाका: ‘प्रणयप्रसंग दाराआड.’ घटस्फोट, गर्भपात, दारू असे विषय असतील तर तेही सांगा. संयत म्हणजे बालवाङ्मय नव्हे.

हक्क, आयएसबीएन, छपाई

लिहिल्याक्षणी हक्क तुमचाच असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीसाठी शुल्क ₹५००. धोका उलट दिशेला असतो: प्रकरणाच्या डोक्यावर आवडत्या भावगीताच्या दोन ओळी. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे किंवा प्रकाशकाकडे राहतो, तेव्हा परवानगी घ्या किंवा पात्राला नुसतं गुणगुणू द्या, शब्द नकोत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात मोफत मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. क्रमांक हाती येईपर्यंत मुखपृष्ठ छपाईला सोडू नका, कारण बारकोड त्यावरच येतो. किंडल आवृत्तीला क्रमांकाची सक्ती नाही.

डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचात, संवाद भरपूर असलेल्या मजकुराचे पानावर सरासरी २५० शब्द बसतात. ५१,००० शब्दांची २०४ पानं, शीर्षक-अर्पणपत्रिका वगैरे आठ धरून २१२. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं, १६ पानांचा असतो. तेरा फर्मे म्हणजे २०८, चौदा म्हणजे २२४. चार पानांपायी एका फर्म्याचा कागद वाया जातो. ओळींमधलं अंतर केसभर कमी करा, दोन प्रकरणांच्या शेवटी लोंबकळणाऱ्या दोन-तीन ओळी छाटा, २०८ला बसतं. आत ७० जीएसएम (कागदाच्या जाडपणाचं, वजनाचं माप) कागद, पिवळसर छटेचा. पांढराशुभ्र कागद रात्री वाचताना डोळ्यावर येतो. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. कण्याची जाडी १० मिलिमीटरच्या आसपास येईल, पण कागदागणिक ती बदलते. छपाईवाल्याकडून कोऱ्या पानांची डमी मागून मोजा आणि मगच मुखपृष्ठाची अंतिम फाइल करा.

तीनशे प्रतींच्या खाली डिजिटल छपाई, पाचशेच्या वर ऑफसेट. मधल्या आकड्याला दोन्हींचे भाव मागवा. मागणीप्रमाणे एकेक प्रत छापायची असेल तर पोथी डॉट कॉम आणि नोशन प्रेससारख्या सेवा आहेत. प्रतीमागे खर्च जास्त पडतो, पण पलंगाखाली गठ्ठे राहत नाहीत.

किंमत ठरवताना फक्त छपाईचा भाव पाहू नका. समजा प्रत ₹८५ला पडली आणि किंमत ₹३०० ठेवली. वितरकाने ४५ टक्के मागितले तर ₹१३५ गेले, हातात ₹१६५. छपाई वजा जाता ₹८०, त्यातून मुखपृष्ठकार, मुद्रितशोधन, खराब होऊन परत आलेल्या प्रती. ₹२०० किंमत ठेवली असती तर तीच प्रत ₹२५ला येऊन थांबली असती. म्हणून छपाईखर्चाच्या साडेतीन ते चार पट ही किंमत लोभाची नव्हे.

किंडल

केडीपीवर, म्हणजे किंडलसाठी स्वतः पुस्तक प्रसिद्ध करायच्या ॲमेझॉनच्या सेवेवर, मराठी ई-पुस्तक थेट टाकता येतं. ईपब (ई-पुस्तकाच्या प्रकारातली) फाइल चढवा आणि किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये फोन, टॅबलेट, वाचनयंत्र अशा तिन्ही रूपांत प्रत्येक प्रकरणाची सुरुवात पाहा. सात शोधशब्दांच्या चौकटी मिळतात, त्या देवनागरी आणि रोमन लिपीतल्या मराठीत वाटून घ्या. लोक ‘मराठी प्रेमकथा’ दोन्ही प्रकारे शोधतात. चित्र किंवा मजकूर एआयकडून तयार केलेला असेल तर फॉर्ममध्ये ते सांगावं लागतं.

भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये असावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही नाही. इथेच सगळ्यात जास्त जण अडकतात: कादंबरी आधी प्रतिलिपी या मोफत वाचनाच्या ॲपवर क्रमशः टाकलेली असते, ती तशीच राहते, आणि ॲमेझॉनची ताकीद येते. सिलेक्टमध्ये जाण्याआधी तिथली प्रकरणं काढा; १० टक्क्यांपर्यंतचा नमुना ठेवता येतो. छापील प्रतीला ही अट लागू नाही.

केडीपीवर कराविषयीचा फॉर्म (तिथे त्याला ‘टॅक्स इंटरव्ह्यू’ म्हणतात) भरताना पॅन क्रमांक द्या. भारत-अमेरिका करारामुळे अमेरिकेतल्या विक्रीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते. अमेरिकेतले मराठी वाचक बहुधा ई-पुस्तकच घेतात, तेव्हा हा फरक अगदी नगण्य नाही.

प्रती हातात आल्यावर

गावोगावची वाचनालयं या प्रकाराची जुनी गिऱ्हाइकं आहेत. ग्रंथपालाला भेटताना पुस्तकाबरोबर मलपृष्ठावरची ती ओळ दाखवा. दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांना काय द्यायचं हे ग्रंथपालांनाच ठाऊक असतं. दिवाळी अंकात जाहिरात द्यायची तर विचारणा पावसाळ्यातच करा. समाजमाध्यमांवर पूर्ण पहिलं प्रकरण टाका, तुकडे नकोत.

आणि गठ्ठे सोडल्यावर पहिल्याच दिवशी चार प्रती बाजूला काढा. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. स्वतः छापलं म्हणजे प्रकाशक तुम्हीच, तेव्हा पार्सलावर ‘प्रेषक’ म्हणून तुमचंच नाव. टपालाच्या पावत्या जपून ठेवा.